स्तंभाचा बॅज आणि बाजारातला स्तंभ

डिसेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो फिरायला लागतो. काळपट पितळी बॅज, मधोमध भीमा कोरेगावचा स्तंभ, आणि खाली ओळ : ‘ओरिजिनल महार रेजिमेंट कॅप बॅज, १८१८ सालचा, मोजकेच नग शिल्लक.’ त्याखाली किंमत आणि पैसे पाठवायचा नंबर. १ जानेवारी जवळ येते तशी किंमत चढते. सातारा, कराड, इस्लामपूर, तासगाव, मिरज इथली कितीतरी पोरं असे बॅज विकत घेतात, जॅकेटला लावतात, शाखेच्या कार्यालयात काचेखाली ठेवतात. काही ठिकाणी तर पाहुण्यांच्या सत्कारात शालीबरोबर हा ‘ऐतिहासिक बॅज’ दिला जातो आणि टाळ्या पडतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. १८१८ सालचा, स्तंभ असलेला बॅज या जगात असूच शकत नाही. ज्यांनी तो विकला त्यांनी तुम्हाला फसवलं, आणि ज्यांनी तो मंचावरून दाखवला त्यांनी आपल्या चळवळीच्या हातात खोटा पुरावा दिला. हा विषय छंदाचा वाटतो, नाणी-तिकिटं जमवणाऱ्यांचा. तसा तो असता तर आम्ही त्यावर वेळ घालवला नसता.

लढाई झाली १ जानेवारी १८१८ ला. स्तंभाची पायाभरणी झाली २६ मार्च १८२१ ला. म्हणजे लढणाऱ्या सैनिकाच्या अंगावर त्या स्तंभाचं चित्र येणार कुठून? बांधायच्या आधीच तो टोपीवर कोरला गेला होता काय? शिवाय पलटणीचा धातूचा बॅज टोपीवर लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. कोरेगावला लढलेली कंपनी सरकारची तुकडी होती ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’च्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. ‘महार रेजिमेंट’ नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वात नव्हती. इतकं समजायला भिंग लागत नाही, धातुशास्त्र लागत नाही. दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवायला लागतात. तेवढंही आपण करत नाही, याचा राग आम्हाला विकणाऱ्यापेक्षा जास्त येतो.

आता खरा बॅज कोणता ते बघू.

महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. ‘लढाऊ जाती’ नावाचं एक थोतांड त्यांनी उभं केलं आणि ज्यांच्या बळावर मुंबई इलाख्यातलं त्यांचं सैन्य उभं राहिलं होतं त्यांनाच दारातून बाहेर काढलं. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. या दुसऱ्या बटालियनमधले अधिकारी कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी जो बॅज आखला त्यात कोरेगावचा स्तंभ होता आणि त्यावर ‘महार’ हा शब्द. हा पहिला खरा बॅज. पुढे १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या चिन्हात तिवईवरच्या दोन व्हिकर्स मशीनगन, एकमेकींवर आडव्या, आणि त्यांच्याबरोबर स्तंभ. नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. आज रेजिमेंटचा जवान जो बॅज लावतो त्यात मशीनगन आणि खंजीर आहे.

एवढी क्रमवारी डोक्यात ठेवली तर बाजारातले निम्मे खोटे जागेवर पडतात. मशीनगन असलेला बॅज ‘पहिल्या महायुद्धातला महार रेजिमेंटचा’ म्हणून दाखवला, खोटं. खंजीर असलेला बॅज ‘बाबासाहेबांनी रेजिमेंट काढली त्या वर्षीचा’ म्हणून दाखवला, खोटं. स्तंभ असलेला बॅज ‘१८५७ च्या आधीचा’, खोटं. बॅज स्वतः कदाचित खरा असेल, पण त्याच्या गळ्यात अडकवलेली गोष्ट खोटी असते. नकलेचा हा प्रकार सगळ्यात जास्त चालतो, कारण त्याला साचा लागत नाही, जीभ पुरते. स्तंभ काढून खंजीर का आणला यावरही सोशल मीडियावर कहाण्यांचा पूर आहे. एखादा कागद दाखवा, मग बोलू. कागदाशिवाय रचलेला कट आपल्याला सोयीचा वाटला तरी तो कटच्या कट रचलेला असतो.

धातूकडे येऊ. खानापूर तालुक्यात, विट्याच्या परिसरात ज्यांचं घर आहे त्यांना हे शिकवायची गरज नाही. तिथली गलाई करणारी माणसं देशभर पसरली आहेत आणि त्यांच्यातला साधा कारागीरही हातात तुकडा घेऊन धातूबद्दल चार शब्द सांगेल. आपण त्यांच्याकडून निदान सवय तरी घ्यावी : वस्तू हातात आली की आधी पालथी करायची.

पुढची बाजू सगळेच बघतात, म्हणून नकला करणारा पुढच्या बाजूवर मेहनत घेतो. खरी भाषा पाठीची असते. ठशावर दाबून काढलेल्या बॅजच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा ठसा दिसतो : पुढे जिथं उंचवटा तिथं मागे खड्डा. पत्रा पातळ असतो, कडा स्वच्छ कापलेल्या असतात. ओतीव बॅज बहुधा जाड, पाठ सपाट किंवा खरबरीत, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आणि अक्षरांच्या कडा साबण विरघळावा तशा गोलसर. खऱ्या बॅजवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळ बॅजपेक्षा केसभर लहान येते, कारण धातू थंड होताना आक्रसतो. शेजारी खात्रीचा एक बॅज असेल आणि मोजपट्टीऐवजी कॅलिपर असेल तर हा फरक पकडता येतो.

इथं एक मोठा खड्डा आहे, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून शहाणे झालेले संग्राहक त्यात हमखास पडतात. ‘ओतीव म्हणजे नकली’ हा नियम इंग्लंडच्या पलटणींसाठी बऱ्यापैकी चालतो, कारण तिकडे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत ठशाचे बॅज निघायचे. हिंदुस्थानात युद्धकाळात कितीतरी पलटणींचे बॅज इथल्याच कारागिरांनी वाळूच्या साच्यात पितळ ओतून, कानस मारून बनवले. छावणीच्या सदर बाजारात शिपाई स्वतःच्या पैशानं दुसरा बॅज घ्यायचा, तोही असाच. म्हणजे आपल्या आजोबांचा अस्सल बॅज ओबडधोबड, कानशीच्या खुणा असलेला असू शकतो. आणि ज्याचं काम अगदी सुबक, कडा धारदार, तो गेल्या दिवाळीनंतर निघालेला असू शकतो. बॅज बनवणं हा काही चोरीछुपे चालणारा धंदा नाही. सीमेपलीकडच्या सियालकोटसारख्या शहरात तो उघड उद्योग आहे, आपल्याकडच्या छावण्यांच्या बाजारातही माल मिळतो.

एका संग्राहकानं आमच्या देखत एका म्हाताऱ्या आजींना सांगितलं की त्यांच्या नवऱ्याचा बॅज ‘लोकल, क्रूड, बहुतेक फेक’ आहे आणि त्याची किंमत पितळेच्या मोडीएवढी. मग तोच बॅज पितळेच्या भावानं घ्यायची तयारीही दाखवली! आजी भोळ्या नव्हत्या, त्यांनी तो कनवटीला लावला आणि चहा पुढे केला. पण सगळ्याच घरांत अशा आजी नसतात.

म्हणून ओतीव की ठशाचा, एवढ्यावर निकाल देऊ नका. वापराच्या खुणा बघा. फौजेतल्या माणसाच्या आयुष्यात ब्रासो आणि फडकं यांचं स्थान काय असतं ते कुठल्याही पेन्शनराला विचारा. रोज घासलेल्या बॅजचे उंच भाग झिजतात : स्तंभाच्या पायऱ्या गुळगुळीत होतात, अक्षरांचे माथे सपाट होतात. आणि खोबणींत वाळलेल्या पॉलिशचा पांढरट-हिरवट थर राहतो, जिथं फडकं पोचत नाही तिथं. बनावट जुनेपण याच्या उलट वागतं. रसायनात बुडवून काळा केलेला बॅज सगळीकडे सारखा काळा असतो, खोबणीतही आणि माथ्यावरही. जणू तो कधी कोणी घातलाच नाही. नक्षी कोरी करकरीत आणि रंग मात्र ऐंशी वर्षांचा, असं दिसलं की थांबा.

मग पाठीवरच्या कड्या. टोपीच्या कापडातून कड्या आत जायच्या आणि त्यांतून पिन ओवायची. वर्षानुवर्षं पिन घासून कडीच्या आतल्या बाजूला झीज येते. कडी तुटली तर गावातल्या सोनाराकडून किंवा कल्हईवाल्याकडून डाग लावून घेतला जायचा, त्यामुळे पाठीवर डागाचा गोळा दिसला म्हणून लगेच नकली ठरवू नका. उलट दुरुस्ती हा वापराचा पुरावा होऊ शकतो, जर तिच्यावरही जुनेपण चढलेलं असेल. चकचकीत नवा डाग आणि काळवंडलेला बॅज ही जोडी मात्र संशयाची. आणि इंग्रजी कंपनीचं नाव पाठीवर उठवलेलं असेल तर भुलू नका. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट कंपनीचं नाव तर नकलांवर इतकं सर्रास येतं की जाणकार ते दिसलं की अधिकच सावध होतात.

चुंबकाची परीक्षा बरेच जण मोठ्या थाटात करतात. चुंबक चिकटला तर बॅज लोखंडावर मुलामा दिलेला आहे, विषय संपला. पण नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आजकालच्या स्वस्त नकलांतला जस्ताचा मिश्रधातूही चुंबकाला दाद देत नाही. नखानं, सुईनं, कानशीनं ओरखडून बघणाऱ्यांना तर आमचा दंडवत. अस्सल निघाला तर तुम्ही तो बिघडवलात. आणि कृपा करून आजोबांचा बॅज १ जानेवारीच्या आदल्या रात्री पितांबरी लावून लखलखीत करू नका. चिंचेनंही नाही. खोबणीतला तो पांढरट थर तुमच्या आजोबांच्या हातचा आहे, तो धुऊन टाकलात की आपल्या हातात कोरा पितळी तुकडा उरतो.

हे सगळं केल्यावरही बॅज एकटा बोलत नाही. पदकाचं तसं नसतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असायची. बॅजवर कोणाचंच नाव नसतं. तो पलटणीचा असतो. कोणाच्या टोपीवर होता हे सांगायला बॅजबरोबर माणूस लागतो किंवा कागद लागतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, टोपी घातलेला स्टुडिओतला फोटो, घरी आलेलं पत्र. बाजारात ज्या क्षणी बॅज घरापासून तुटतो त्या क्षणी त्याचा निम्मा इतिहास मरतो, मग तो शंभर टक्के अस्सल का असेना. चोरबाजारातला अस्सल बॅज आणि तासगाव तालुक्यातल्या एखाद्या घरातला, डिस्चार्ज बुकासकटचा बॅज, धातूनं दोन्ही सारखेच. पुरावा म्हणून त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि कागदही तपासावा लागतो, कारण आता कागदही विकले जातात. सातारा-सांगलीच्या माणसाला इथं एक सोपी किल्ली आहे. सांगली हा जिल्हा १९४९ पर्यंत नव्हताच. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके त्याआधी सातारा जिल्ह्यात. मिरज आणि सांगली ही शहरं तर संस्थानांची. म्हणजे १९४३ सालच्या कागदावर तासगावच्या जवानाचा पत्ता ‘जिल्हा सांगली’ असा छापलेला दिसला तर तो कागद कोणीतरी तुमच्या-आमच्या काळात बसून तयार केलाय. तसंच धर्माच्या रकान्याचं. १९५६ च्या आधीच्या फौजी कागदावर आपल्या आजोबांपुढे ‘बौद्ध’ लिहिलेलं सापडलं तर आनंद मानण्याआधी कागद उजेडात धरा. आडनावंही बदलली आहेत. डिस्चार्ज बुकात आजोबांचं नाव वेगळ्या आडनावानं आहे म्हणून घाबरून ते लपवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. ते लपवू नका, तो फरकच कागद अस्सल असल्याची खूण असू शकतो.

आता मुद्द्याच्या भांडणाला येऊ. आमच्या या आग्रहावर तीन बाजूंनी हल्ला होतो.

पहिला हल्ला आपल्याच माणसांचा. ‘दादा, भावना बघा. नकली असला म्हणून काय झालं, अभिमान तर खरा आहे.’ अभिमानासाठी नवा बॅज लावायला आमची हरकत नाही. शंभर रुपयांचा लावा, त्यावर अभिमानानं सांगा की हा नवा आहे. निळा झेंडाही आपण दरवर्षी नवाच शिवतो, त्याला कोणी १९२७ चा म्हणत नाही. हरकत आहे ती ‘ओरिजिनल’ या शब्दाला आणि त्या शब्दाच्या नावाखाली शेकड्यांची वस्तू हजारांना खपवायला. आपल्या पोरांच्या मजुरीचे, डिलिव्हरीच्या फेऱ्यांचे पैसे कोणी आपल्याच शहिदांच्या नावानं लुबाडत असेल आणि आपण ‘भावना’ म्हणून गप्प बसायचं? भावनेच्या नावाखाली देवळाच्या दारात जे चालतं त्याला आपण कोणत्या शब्दांत नावं ठेवतो ते आठवा. (आणि हो, बॅज लावून स्वतः फौजी असल्याचं ठसवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तो होता, नव्या न्यायसंहितेतही आहे.)

बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ च्या प्रस्तावनेत इतिहासकाराच्या कामाची चर्चा करताना गटेचा आधार घेतलाय : खरं खोट्यापासून, निश्चित संदिग्धापासून वेगळं काढणं हे त्याचं कर्तव्य. जिथं पुरावा तुटक होता तिथं आपण कुठं अनुमान करतो आहोत हेही त्यांनी त्या पुस्तकात वाचकाला सांगितलं. आणि आपण त्यांचा फोटो मागे लावून पुढे १८१८ चा बॅज मांडतो. कालामांना बुद्धानं जे सांगितलं ते आपण भिंतीवर लिहितो. ऐकीव म्हणून, आपल्या माणसानं सांगितलं म्हणून मान्य करू नका, हे मंचावर बॅज दाखवणाऱ्या आपल्या नेत्यालाही लागू होतं की नाही?

दुसरा हल्ला समोरून. ‘हे सगळं इंग्रजांचं. परकीयांच्या बिल्ल्याचा कसला अभिमान?’ हे म्हणणाऱ्यांना विचारा, अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मरण होतं तेव्हा हा प्रश्न का सुचत नाही? त्या गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं, आणि साताऱ्याला त्याचा अभिमान आहे, असावाच. मग तोच इंग्रज, तेच युद्ध, तोच जिल्हा, पण जवान महारवाड्यातला निघाला की तो गुलाम कसा ठरतो? ज्या इंग्रजांनी भरती बंद केली त्यांच्याशी अर्जविनंत्या करून, भांडून, दोन पिढ्या झगडून मिळवलेली ही जागा आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच साताऱ्यात राहिले, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलावाच्या कामावर कॅशियर होते. त्यांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाला १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना, कारण पोरांची जात कळली. बापाच्या खांद्यावर सुभेदाराचा हुद्दा चढून गेला होता तरी पोराला बैलगाडीत घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्या टोपीचा, त्या बॅजचा अर्थ या मसूर स्टेशनवर उभं राहून समजतो. इंग्रजांवरच्या प्रेमाशी त्याचा संबंध नाही.

आणि स्वतंत्र भारतात ही रेजिमेंट एका जातीची राहिली नाही, तिच्यात देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान आहेत. तिच्या ८ व्या बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. हे सांगायला आपण लाजायचं काय कारण?

तिसरा हल्ला सगळ्यात धोकादायक, आणि त्याला दारूगोळा आपणच पुरवतो. ‘कोरेगावचा तुमचा इतिहासच बनावट आहे’ असं म्हणणारी लेखणी गेली काही वर्षं जोरात आहे. त्यांना स्तंभावरची नावं खोडता येत नाहीत. तिथं कोरलेल्या ४९ मृतांत २२ नावं ‘नाक’ प्रत्यय असलेली, महारांची आहेत, दगडात आहेत. ती त्यांना खोडता येत नाहीत म्हणून ते आपल्या प्रदर्शनातला १८१८ चा बॅज शोधतात. तो सापडला की म्हणतात, बघा, यांचं सगळंच असं. एका खोट्या बॅजनं २२ खऱ्या नावांवर चिखल उडवायची सोय होते.

आकड्यांचंही तेच. ‘५०० महारांनी २८ हजारांना कापलं’ हे वाक्य पोस्टरवर ठसठशीत दिसतं. कंपनीच्या त्या तुकडीत घोडेस्वार, तोफखाना मिळून आठशेच्या आसपास माणसं होती, त्यांत मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यूही होते. पेशव्यांची एकूण फौज २८ हजारांच्या घरात सांगितली जाते, पण प्रत्यक्ष चढाईत त्यातले सुमारे दोन हजार होते. दिवसभर अन्नपाण्यावाचून गावात अडकलेल्या त्या तुकडीनं जागा सोडली नाही, आणि पेशव्यांची फौज रात्री मागे हटली. ही गोष्ट जशी आहे तशी पुरेशी मोठी आहे. तिला साच्यात घालून फुगवून ओतली की तिच्याही अंगावर नकलेची छिद्रं दिसायला लागतात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले ते दगडावर कोरलेल्या नावांसाठी. तेव्हा कोणाला आकडा फुगवावा लागला नव्हता.

आमची खरी चिंता वेगळीच आहे. आपण इकडे नकला विकत घेतो आणि तिकडे अस्सल बॅज आपल्याच घरांतून निघून जातात. १९४१ ते ४५ दरम्यान भरती झालेली पिढी आता जवळजवळ संपली. त्यांच्या बायका, असल्या तर, नव्वदीच्या पुढे. मागे एक लोखंडी ट्रंक असते, तिच्यात वर्दीचा तुकडा, पदकं, बॅज, बुरशी लागलेलं डिस्चार्ज बुक. घर बांधायला काढलं, वाटण्या झाल्या, पूर आला की ट्रंक बाहेर येते. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगली परिसरात किती घरांचे कागद लगदा झाले ते ज्यांनी चिखल उपसला त्यांना माहीत आहे. मग दारावर ‘जुनं काही आहे का’ विचारणारा येतो. तो पितळ वजनावर घेतो, कागद फुकट मागतो. कागद तो का मागतो, याचा विचार करा. त्याला माहीत आहे की पुढे दुसऱ्या शहरात हाच बॅज कागदासकट विकला तर भाव किती पट होतो. ज्याला आपण रद्दी समजतो ती त्याच्या धंद्याची मूळ पुंजी आहे. कधी कधी तोच कागद नकली बॅजबरोबर जोडून विकला जातो, आणि अस्सल बॅज तिसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातो. एका आजोबांचे दोन तुकडे, दोन किमती.

१११ महार पलटणीची एखादी वस्तू कोणाकडे असेल तर तिला शंभर वर्षं होऊन गेली. ऐतिहासिक महत्त्वाच्या शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, आणि अशी वस्तू देशाबाहेर विकणं खासगी माणसाला मना आहे. परदेशातल्या लिलावाची स्वप्नं दाखवणाऱ्या दलालाला हे तोंडावर सांगा.

या जानेवारीआधी करायचं काम फार मोठं नाही. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या माजी सैनिकांच्या घरांची यादी करा. ट्रंक उघडायची परवानगी मागा, आणि आधी ऐका. बॅजचा पुढून आणि मागून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान टिपा. नंबर आणि बटालियन वाचता आली तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वारसांनी विचारणा करावी, रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, तिथं पत्र लिहावं. वस्तू घराबाहेर काढू नका, आपल्या संघटनेच्या कार्यालयातही नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडेच राहू द्या. आजीनं सांगितलेली हकिकत तिच्याच शब्दांत फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि तारीख बोलून घ्या.

आणि अभिवादनाला जाताना जे कार्यकर्ते प्रदर्शन मांडणार आहेत त्यांनी प्रत्येक बॅजखाली एक चिठ्ठी लावावी : कोणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या बटालियनचा, कोणत्या कागदावरून. ज्या बॅजची चिठ्ठी भरता येणार नाही त्याखाली ‘नवीन प्रत’ एवढंच लिहावं. १८१८ चा बॅज घेऊन जो विक्रेता तुमच्या स्टॉलशेजारी पथारी टाकेल त्याला त्या दोन तारखा मोठ्यानं वाचून दाखवाव्यात, आसपासच्या गिऱ्हाइकांना ऐकू जातील अशा.

जय भीम.